तात्यांचे दोन शब्द

“पा म्हणा, तात्या. ओठ मिटा, उघडा. पा.”

तात्यांनी मान हलवली. नको.

“बरं, मा म्हणा. मा तर तान्ह्या बाळालाही येतो.”

मान पुन्हा हलली, या वेळी जोरात. मग त्यांनी डावा हात उचलून गळ्यावर ठेवला, जिभेचं मूळ असतं तिथं, आणि तोंड वाकडं करून जोर लावला. बाहेर पडला तो ‘ध’.

“घ? तुम्हाला घ म्हणायचाय?”

त्यांनी डोळे मिटून उघडले. हो.

मी हातातली लाकडी पट्टी टेबलावर आपटली. “अहो तात्या, अजून पाणी पिताना तुमच्या ओठांतून ओघळतंय. घ सगळ्यात मागचा. तिथली जीभ हलायला वेळ लागणार. आधी सोपं घेऊ.”

“नतो,” तात्या म्हणाले.

हा एक शब्द त्यांना शिकवावा लागला नव्हता. औषध नतो, खिचडी नतो, चाकाची खुर्ची नतो. क येत नव्हता, पण नकार पुरेपूर येत होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आज ज्याचं कुणाला काही वाटत नाही, त्यातलं पुष्कळसं तेव्हा नवं होतं. मी वाचा-उपचार करते. लातुरात माझा दोन खोल्यांचा दवाखाना होता. उशिरा बोलणारी मुलं, अडखळणारी मुलं, पक्षाघात झालेली माणसं. लोक मला ‘बोलायला शिकवणारी बाई’ म्हणत आणि वर विचारत, “ह्याची फी कशाला?” नागोराव शेळग्यांच्या घरून बोलावणं आलं तेव्हा माझे वडील मला सोडायला दारापर्यंत आले. एरवी ते पेपरातून डोकं वर काढत नसत.

नागोराव शेळगे म्हणजे पाच वेळचे खासदार. नावानं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, तात्या म्हटलं की झालं. आणि तात्या म्हणजे आवाज. मी शाळेत होते तेव्हा आमच्या बाजारात त्यांची सभा होती. लाइट गेली, भोंगा बंद पडला, आणि तात्या तसेच बोलत राहिले. पार टोकाला बसलेल्या बांगड्यावाल्यापर्यंत ऐकू जात होतं. त्या आवाजावर एकदा माणसं एसटी फोडायला निघाली होती आणि त्याच आवाजावर मुकाट घरी गेली होती.

पक्षाघातात तो आवाज गेला होता. उजवा हात गेला होता, आणि डाव्या हातात पेन दिलं तर अक्षरं विस्कटायची. समजत सगळं होतं. बाहेर सांगितलं होतं की घशाचं छोटंसं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. खरं काय ते घरच्यांना, डॉक्टरांना आणि मला माहीत होतं. भेटायला कुणालाच सोडत नव्हते.

मला बोलावलं होतं ते तात्यांच्या नातवानं, ऋत्विकनं. वय सत्तावीस, बाहेर शिकून आलेला, बोलायला अगदी गोड. तात्या आजारी पडल्यावर पक्षानं दिल्लीतून तिकीट त्याला दिलं होतं. त्यानं पहिल्याच दिवशी मला सांगितलं, “मॅडम, प्रचाराची शेवटची सभा बोरसांगवीला आहे, बाजाराच्या दिवशी. आजोबांना तिथं बोलायचंय. त्यांनी तेवढंच एक मागितलंय. मला वाटतं, दोन शब्द बोलले तरी पुरे.”

“दोन शब्द बोलतील,” मी म्हणाले. एवढं छातीठोकपणे मी पेशंटच्या नातेवाइकांना कधी सांगत नाही. पण तात्या शेजारी बसून माझ्याकडे असे काही बघत होते की माझ्या तोंडून निघून गेलं.

“काय बोलणार आहात?” मी त्यांना नंतर विचारलं. “ते शब्द मला कळले तर तेवढेच घोटून घेईन.”

तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि वाकडं हसले. सभेआधी भाषण फोडणाऱ्यांतले ते नव्हते. मला फक्त घ हवा, क हवा आणि र नीट हवा, एवढंच त्यांनी खुणावलं.

खालची बैठक मी लहानपणी वडिलांबरोबर एकदा पाहिली होती. भिंतीला लागून गाद्या, लोड, कोपऱ्यात पाण्याचा माठ, आणि सकाळपासून बसलेली माणसं. कुणाच्या मुलाची बदली, कुणाच्या गावची विजेची डीपी जळालेली. आता गाद्या काढून तिथं टेबलं मांडली होती. एसी लावला होता. पुण्याहून आलेली मुलंमुली कानाला यंत्रं लावून पडद्यांकडे बघत बसलेली. त्या खोलीला वॉर रूम म्हणायचं, असं मला सांगण्यात आलं. मी एकदा पाण्याचा माठ कुठं गेला म्हणून विचारलं, तर एका मुलानं मला बाटली दिली.

त्या सगळ्यांची प्रमुख होती ईशानी. चोवीस-पंचवीसची, हुशार, आणि खरंच चांगली पोर. तिला एकदा विचारलं, “गावात जाऊन आलीस का गं कुठल्या?”

“गरज नाही पडत, ताई. कुठल्या वस्तीत कशावर राग आहे ते इथं बसून दिसतं.”

“आणि राग कमी कसा करायचा ते?”

ती हसली. “कमी नाही करायचा. दुसरीकडे वळवायचा.”

फाटकावर मात्र जुनं जग उभं होतं. त्याचं नाव लिंबाजी. आष्टूरचा, तात्यांच्याच वयाचा, डोक्यावर टोपी, हातात फडक्यात बांधलेले धपाटे. पहिल्या निवडणुकीला तात्यांकडे जीप नव्हती तेव्हा लिंबाजीनं त्यांना सायकलवर बसवून गावोगाव फिरवलं होतं. आजूबाजूच्या गावांतले जुने लोक लिंबाजी सांगेल तिकडे जायचे, आणि लिंबाजी तात्या सांगतील तिकडे. तो दर दोन-चार दिवसांनी येई आणि फाटकावरचा सफारीतला माणूस त्याला परत लावी. वरच्या खिडकीतून तात्या हे सगळं बघत. धपाटे मात्र वर यायचे. तात्यांना ते चावत नसत, पण ते हातात धरून बसत.

एकदा लिंबाजीनं मला गाठलं.

“डॉक्टरीणबाई, तात्याचा घसा कसा हाय?”

“सुधारतोय, काका.” याहून जास्त सांगायची मला मुभा नव्हती, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा.

“लौकर बोलते करा बघा. लोक मला इचारायलेत, लिंबाजी, कुणाकडं जायचं? मी काय सांगू? मागल्या बारीला तात्या भर सभेत म्हणले व्हते, ही माझी शेवटची, म्होरल्या वक्ताला माझ्या घरचं कुणी उभं ऱ्हाणार न्हाई. अन् आता तर नातू उभा हाय.”

“मग तात्यांनी विचार बदलला असेल.”

“बदलला आसंल. माणूस हाय. पण त्यांच्या तोंडानं सांगू द्या की. तात्या सांगत न्हाईत तवर मी जाग्यावरून हालत न्हाई.” फडकं माझ्या हातात देऊन तो उन्हात चालू लागला.

घ काढायला मी काय काय नाही केलं! आरसा धरला, पट्टीनं जीभ मागे ढकलली, त्यांचं बोट माझ्या गळ्यावर ठेवून घ म्हणून दाखवला. शेवटी गुळण्यांवर आले. तोंडात घोटभर पाणी घ्यायचं, मान वर करायची आणि घशात गुळगुळ करायची. तसं करताना जिभेची मागची बाजू आपोआप वर उचलली जाते. तात्यांच्या सूनबाई दारातून बघून गेल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या, “एवढे पैसे घेऊन गुळण्या करायला लावतीय.” मी ऐकलं. सोडून दिलं.

एका सकाळी पाणी संपलं आणि गुळगुळ थांबली नाही. तात्या नुसत्या घशानं करत राहिले. मी म्हणाले, “आता आ जोडा.”

“घा,” तात्या म्हणाले.

मी खुर्ची पुढं ओढली. 

“परत!”

“घा. घ. घ...ल.”

“र. र म्हणा. घर.”

“घर.”

मी उठून टाळ्या वाजवल्या. तात्यांनी डाव्या हातानं मांडीवर थाप मारली, मतमोजणीच्या दिवशी मारत असतील तशी. मग मला म्हणाले, “मा...स्त...लीन.” मास्तरीण. मला त्यांनी ठेवलेलं नाव ते. प्रणिता कधी म्हणाले नाहीत.

त्यानंतर भराभर झालं. घर, घरी, घरात. क आला आणि नतोचा नको झाला. आवाज घोगरा होता, एकेक शब्दाला दम लागायचा, ओठांच्या कोपऱ्यातून थुंकी यायची. पण दोन शब्द नक्की होणार, याची मला खात्री पटली. मी जीपमधून घरी जाताना गाणी म्हणत होते.

आणि मग तो दिवस आला. तात्या खुर्चीत, मी समोर आरसा धरून. खालून आवाज आला.

“राम राम! मी तात्या बोलतोय. जेवणं झाली का?”

मी आरसा खाली ठेवला. तोच आवाज. आमच्या बाजारातला, भोंगा बंद पडल्यावरचा, खर्जातला आणि खणखणीत. तात्या माझ्यासमोर तोंड मिटून बसले होते आणि तात्या खालच्या मजल्यावर बोलत होते.

“माझा घसा आता बरा आहे बरं का. फार ऊन आहे, तुम्ही धावपळ करू नका. पण मतदानाच्या दिवशी घराबाहेर पडा आणि माझ्या ऋत्विकला निवडून द्या. मी त्याच्या पाठीशी आहे.”

तात्यांनी मान तिरकी करून ऐकलं. मग डावा हात हळूच स्वतःच्या गळ्यावर ठेवला, आपणच बोललो की काय हे बघावं तसा. मला ते बघवेना. मी खाली धावले.

ईशानीसमोरच्या पडद्यावर हिरव्या रेघा वरखाली होत होत्या.

“हे काय आहे?”

“भारी झालंय ना, ताई? त्यांची जुनी भाषणं दिली मशीनला. एका दुपारीत शिकलं. आता प्रत्येक मतदाराला त्याच्या नावानं फोन जाणार. लाखो फोन. सगळ्यांशी तात्या बोलणार.”

एका दुपारीत! माझे त्या म्हाताऱ्याला गुळण्या करायला लावण्यात आठवडेच्या आठवडे गेले होते.

“आणि तात्यांना विचारलंत?”

मागून ऋत्विक म्हणाला, “मॅडम, आजोबांनी आयुष्यभर हेच केलं ना? लोकांशी बोलले. ते आता त्यांना जमत नाहीये, म्हणून आपण त्यांना मदत करतोय.”

“त्यांना जमतंय. घ आलाय, क आलाय.”

“छान. खरंच छान आहे हे.” तो अगदी मनापासून म्हणाला. “पण दिल्लीत बसलेले लोक घ आणि क मोजत नाहीत.”

“सभेचं काय?”

“सभा ठरल्याप्रमाणे. आजोबा येणार, बोलणार. तुम्ही तयारी चालू ठेवा.”

मी जिना चढून वर आले. तात्या खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, आता हे सगळं सोडून देतील. पण त्यांनी आरशाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “घर.” त्या दिवशी मी कंटाळले, ते कंटाळले नाहीत.

दोनच दिवसांनी लिंबाजी फाटकावर दिसला. या वेळी हातात धपाटे नव्हते, पेढे होते.

“डॉक्टरीणबाई, तात्याचा फोन आला! मला! म्हणले, लिंबाजी, जेवण झालं का? कसला खणखणीत आवाज वो! तुमच्या हाताला यश हाय.”

“काका, तो फोन...”

“आता म्हणले हाईत त्यांच्या तोंडानं, ऋत्विकला निवडून द्या. झालं की मग. आता मी येत न्हाई इकडं. गावं फिरायचीत. ते बी म्हणले, उन्हात धावपळ करू नका, पण आसं कसं चालंल?”

सफारीतला माणूस आमच्याकडे बघत उभा होता. मी म्हणाले, “काका, सभेला पुढं बसा. अगदी पुढं. तात्या काय बोलतात ते नीट ऐका.” याहून काही सांगता आलं नाही. वर बघितलं तर खिडकीत तात्या होते. लिंबाजीनं हात जोडले आणि तो झपाझप निघून गेला. त्यानंतर फाटकावर आला नाही.

बोरसांगवीच्या बाजारतळावर एवढा मोठा मांडव मी पाहिला नव्हता. सकाळचे दहा वाजले नव्हते तोवर माणूस माणसाला चिकटून बसलेला. दोन्ही बाजूंना मोठे पडदे. तात्यांना चाकाच्या खुर्चीतून मागच्या बाजूनं मंचावर चढवलं आणि धरून उभं राहता यावं म्हणून समोर उंच लाकडी स्टँड ठेवला. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं त्यांच्या जुन्या ड्रायव्हरनं. तात्या उभे राहिलेले दिसले आणि लोकांनी असा काही गलका केला की माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या रांगेत लिंबाजी फेटा बांधून बसला होता.

तात्यांनी माझा हात दाबला. मी हळूच म्हणाले, “सावकाश. दोन शब्दच. मध्ये श्वास घ्या.”

त्यांनी माइककडे तोंड नेलं. गलका थांबला. तात्यांच्या गळ्याची शीर फुगलेली मला दिसली. 

“घरातला,” तात्या म्हणाले. श्वास घेतला. “नको.”

स्वच्छ. इतका स्वच्छ की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी मला कळलं की मी इतके दिवस कशासाठी राबत होते. घर, घरी, घरात. मला वाटायचं, घरच्या पोराला सांभाळा म्हणतील. म्हाताऱ्याला मागच्या निवडणुकीच्या सभेत दिलेला शब्द आठवत होता. बाकी सगळा जिल्हा विसरला होता, लिंबाजीसुद्धा एका फोनवर विसरला होता, पण तात्या नव्हते विसरले.

पण लोक हलले नाहीत. मी माइककडे बघितलं. त्याच्या मानेवरचा बारका हिरवा दिवा लागलेलाच नव्हता.

“राम राम, माझ्या मायबाप लोकांनो!”

सगळ्या भोंग्यांतून तात्यांचा आवाज उसळला. मांडव हादरला. तात्या पुन्हा म्हणाले, “घरातला नको,” आणि भोंगे म्हणाले, “माझा ऋत्विक आता तुमच्या ओटीत घालतोय.” तात्यांनी मान हलवली, डावा हात जोरजोरात नकारार्थी हलवला. लोकांना वाटलं, तात्या सगळ्यांना हात करतायत. त्यांनीही हात हलवले. मोठ्या पडद्यावर तात्यांचा आत्ताचा चेहरा नव्हताच, वीस वर्षांपूर्वीचा फोटो होता. 

मी माइकचं बटण शोधत होते. तिथं बटण नव्हतं. मंचाखाली ईशानी टेबलाशी बसली होती. मी तिला ओरडून काहीतरी म्हणाले. तिनं कानातलं यंत्र दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून.

लिंबाजी रडत होता. आनंदानं.

सभा सुटल्यावर मी ऋत्विकला गाडीपाशी गाठलं. हार काढत होता.

“माइक बंद का होता?”

“मॅडम, लोकांचे चेहरे बघितलेत?”

“तुमचे आजोबा काय म्हणाले, ते माहीत आहे का तुम्हाला?”

“माहीत आहे.” त्यानं हार ड्रायव्हरकडे दिला. “माझी खोली त्यांच्या खोलीला लागून आहे. घर, घरात, घरातला, नको. मी बहिरा नाहीये. म्हणून तर बंद होता.”

तोच पुढं म्हणाला, आणि आवाजात चिडचिड होती, लाज नव्हती. “मी नाही तर कोण? समोरचा? त्यानं आमच्या दुप्पट पोरं बसवलीत कॉम्प्युटरवर. आजोबांच्या काळी एक शब्द दिला की पाच वर्षं निभायची. आता रोज संध्याकाळी नवा शब्द द्यावा लागतो. मी काय तो एकच धरून घरी बसू?”

“तो तुमचा नव्हताच. त्यांचा होता.”

“तुमची उरलेली फी ऑफिसमधून घेऊन जा,” तो म्हणाला आणि गाडीत बसला. मी ती आणली नाही. त्यानं कुणाचं काही अडलं नाही, हे आज कळतं.

दुपारी तात्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते पलंगावर टेकून बसले होते. अंगावर सभेतलाच सदरा. मला बघताच म्हणाले, “लिं...बा...जी.” आणि हातानं फोनची खूण केली.

त्यांच्या खोलीत फोन ठेवलेला नव्हता. मी माझा काढला. लिंबाजीचा नंबर जुन्या ड्रायव्हरनं खालून गुपचूप आणून दिला. दार लावलं, फोन लावला, आवाज मोठा करून तात्यांच्या तोंडाशी धरला.

“हॅलो, कोण?”

“लिंबाजी,” तात्या म्हणाले. “मी. तात्या.”

मी फोन आणखी जवळ नेला.

“घरातला नको.” एकही अक्षर सुटलं नाही. र लागला, क लागला. आवाज मात्र घोगरा, थकलेला, मध्येच हवा सुटणारा. “माझा शब्द.”

“कोण रं तू?” लिंबाजीचा आवाज चढला. “तात्याची नक्कल करायलास? दारू पिऊन? सकाळीच ऐकलाय मी तात्याचा आवाज, ह्या कानानं. त्या समोरच्यानं किती दिलं तुला?”

“लिंबाजी...”

मी फोन ओढून घेतला. “काका, मी डॉक्टरीणबाई बोलतेय. हे खरंच तात्या आहेत. सभेत बोललं ते मशीन होतं. शपथ घेऊन सांगते.”

“तुमी बी त्यांच्यातल्याच का?” लिंबाजी म्हणाला. “लाज वाटू द्या जरा.” आणि फोन कापला.

मी परत लावला. त्यानं उचलला नाही. परत लावला. तात्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. नको.

दुसऱ्या दिवशी मी आरसा आणि पट्टी घेऊन गेले. म्हणाले, “तात्या, घर म्हणा.” त्यांनी तोंड उघडलं नाही. पा नाही, मा नाही. नकोसुद्धा नाही. मी चिडले, ओरडले, त्यांच्या पलंगाशी बसून रडले. तोंडातली जीभ आता चांगली फिरत होती, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. एवढ्या मेहनतीनं आणलेली वाचा एखादा माणूस अशी मिटून ठेवतो, याचा मला त्यांच्यावरसुद्धा राग आला. पुढच्या आठवड्यात मला यायला नको म्हणून सांगण्यात आलं.

ऋत्विक लाखाच्या फरकानं निवडून आला. आष्टूरच्या बाजूच्या गावांनी भरभरून मतं दिली. नवरात्रात तात्या गेले. त्या उन्हाळ्यानंतर ते कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते, असं ड्रायव्हरनं मला सांगितलं.

दिवाळीत मी आष्टूरला गेले. मला लिंबाजीला सांगायचंच होतं. माझं डोकं शांत होत नव्हतं. तो ओसरीवर बसला होता. मला बघून उठला नाही, पण सुनेला हाक मारून चहा टाकायला लावला.

“काका, तुम्हाला त्या दुपारी एक फोन आला होता.”

“आलता.”

“ते तात्याच होते.”

लिंबाजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “ठावं हाय.”

“कधी कळलं?”

“तवाच. लिंबाजी म्हणले तवाच. त्यांच्यावाणी बा वर जोर देऊन मला कुणी हाक मारत न्हाई. तुमचा बी आवाज ओळखला व्हता.”

मला वाटलं होतं, मी रागावेन. पण आवाज चढलाच नाही. “मग शिव्या का दिल्या? फोन का कापला? त्यांनी तुमच्यासाठी... एवढं शिकले ते, काका. त्या दोन शब्दांसाठी.”

“कळलं व्हतं मला काय म्हणायलेत ते.” तो अंगणाकडे बघत होता. “पन्नास वर्सं मी त्या आवाजामागं हिंडलो, बाई. ते असलं मोडकं, लाळ गळल्यावाणी... माझ्यानं ऐकवंना. म्हणलं, ह्ये आपलं तात्या न्हवंत. सकाळी बोलले ते आपलं तात्या.”

चहा आला. आम्ही दोघांनीही तो घेतला नाही.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो लांब धरून बघितला, बटण दाबलं आणि आवाज मोठा केला.

“राम राम लिंबाजी, मी तात्या बोलतोय. फराळ झाला का? घरातली सगळी बरी आहेत ना?”

घ अगदी नितळ होता. लिंबाजीनं गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर नीट बसवली आणि ताठ झाला.

“बरी हाईत, तात्या,” तो म्हणाला. “तुमी कसं हाव?”

तात्या त्यासाठी थांबले नाहीत. ऋत्विकनं दिल्लीत जिल्ह्यासाठी काय काय आणलं, ते सांगू लागले.